फोकस स्कोअर ४१ आला म्हणून गेम सोडायचा का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणारा मुलगा २५ वर्षांचा आहे. पाच जणांच्या हौशी टीममधून शूटर गेम खेळतो, वर्षभर एकाच रँकवर अडकलाय, रोज चार-पाच तास ग्राइंड करूनही वर सरकत नाही. मध्यंतरी टीममधल्या एकाने डोक्याला लावायचा, मेंदूच्या लहरी मोजणारा ब्रेनवेव्ह हेडबँड आणला, सगळ्यांनी तो लावून एकेक मॅच खेळली, बाकीचे मागे उभे राहून बघत होते. टीममधल्या सगळ्यात भारी प्लेयरचा 'फोकस स्कोअर' ८३ आला, ह्याचा ४१. तेव्हापासून चेष्टा चालू आहे आणि पुढच्या महिन्यात टीममधल्या पक्क्या जागेसाठी ट्रायआऊट (निवड चाचणी) आहे. तो विचारतो, "ताई, माझा मेंदूच कमी ॲक्टिव्ह असेल तर झगडण्यात काय अर्थ आहे? हेडबँड आणि ब्रेन ट्रेनिंगचं ॲप घेऊ, खेळायचे तास डबल करू, की सरळ सोडून देऊ? त्यात सगळे म्हणतात २४ नंतर रिफ्लेक्स जातातच. गंमत म्हणजे माझ्या सगळ्यात भारी मॅचेस मी खेळलो तेव्हा डोक्यात काहीच चालू नव्हतं, हात आपोआप चालत होते."

मित्रा,

पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू शेवटी गंमत म्हणून लिहून टाकलंयस. भारी मॅचेसमध्ये डोक्यात काहीच चालू नव्हतं. आणि त्याच पत्रात वर म्हणतोस की मेंदू कमी चालतो म्हणून मी मागे पडतो. आता ह्या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा सांग बरं. मेंदू जितका जास्त पेटेल तितका खेळ भारी, असं असतं तर त्या मॅचेसमध्ये तुझं डोकं तापायला हवं होतं, लक्ष देऊन देऊन तू दमायला हवा होतास, आणि तुला तर उलट हलकं वाटलं.

हे तुझ्या एकट्याचं नाही. १९९२ मध्ये रिचर्ड हायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात टेट्रिसवर एक प्रयोग केला होता, त्यावेळी टेट्रिस बऱ्याच जणांनी खेळलेलाच नव्हता म्हणून तो निवडला. आठ जणांना खेळायला बसवलं आणि पेट स्कॅन काढून मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज जाळतोय ते मोजलं, मग काही आठवडे रोज सराव करायला लावला आणि परत स्कॅन काढला. स्कोअर सात पटींहून जास्त वाढले होते, आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात बऱ्याच ठिकाणी ग्लुकोजचा खप मात्र कमी झाला होता. नवशिके होते तेव्हा मेंदू जास्त जळत होता, खेळ जमायला लागल्यावर कमी! गाडी शिकताना बघ ना, क्लच, गिअर, आरसा, ब्रेक सगळं एकेक आठवून करावं लागतं आणि शेजारचा काय बोलतोय तेही ऐकू येत नाही, नंतर तोच माणूस गप्पा मारत गाडी चालवतो. मेंदूला कुठली वाट लागते ते कळलं की बाकीच्या वाटा धुंडाळायचं काम उरत नाही.

तू शूटर खेळतोस म्हणून अजून एक सांगते. १९८४ मध्ये खऱ्या रायफलच्या कसलेल्या नेमबाजांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून लहरी मोजल्या होत्या, तर ट्रिगर दाबायच्या आधीच्या काही सेकंदांत त्यांच्या डाव्या कानाच्या वरच्या भागात अल्फा लहरी वाढत जाताना दिसल्या. अल्फा वाढणं म्हणजे ढोबळमानाने तो भाग निवांत होणं, आणि डावी बाजू भाषेची, त्यामुळे त्याचा अर्थ असा लावला गेला की मनातल्या मनात स्वतःला सूचना देणं तेव्हा बंद होतं. तुझं 'काहीच चालू नव्हतं' ह्याच्याशी किती जुळतंय बघ.

पण थांब, लगेच उलटा हिशोब मांडून 'माझा ४१ म्हणजे मीच भारी' असं टीमला जाऊन सांगू नकोस, कारण तेही खरं नाही. चांगल्या प्लेयरचा मेंदू सगळीकडे आणि कायम शांतच असतो असं काही नाहीये. समोर तगडी टीम आली, नवा मॅप आला, एकट्याने तिघांशी लढायची वेळ (क्लच) आली की त्याच प्लेयरच्या कपाळाच्या मध्यावरच्या थीटा नावाच्या संथ मेंदूलहरी वाढतात, त्या वाढणं हे नेटाने लक्ष दिल्याचं लक्षण मानतात. हायर ह्यांच्याच २००९ च्या अभ्यासात किशोरवयीन मुलींनी तीन महिने टेट्रिस खेळला, तर काही भागांत मेंदूचा थर जाड झाला आणि काही भागांत काम कमी झालं, आणि ते भाग एकच नव्हते. म्हणजे मेंदूतलं 'जास्त' आणि 'कमी' हे कुठे, कुठल्या कामात, शिकण्याच्या कुठल्या टप्प्यावर, हे विचारल्याशिवाय बोलताच येत नाही. ० ते १०० मधला एकच आकडा ह्यातलं काय सांगणार!

आता त्या हेडबँडकडे येऊ. कपाळावर टेकलेले दोन-चार सेन्सर, बस. मेंदूतून डोक्याच्या कातडीपर्यंत जो सिग्नल पोचतो तो काही मायक्रोव्होल्टचा असतो, जास्तीत जास्त शंभरच्या आसपास. आणि तू पापणी मिटलीस की तेवढाच किंवा त्याहून मोठा झटका तिथे येतो. दात आवळलेस, भुवया वर केल्यास, मायक्रोफोनवर ओरडलास, मान वळवलीस, सगळं त्यात घुसतं. त्यात चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंचा गोंगाट नेमका बीटा नावाच्या वेगवान मेंदूलहरींच्या पट्ट्यात आणि त्याच्या वर पसरतो, आणि लक्ष मोजणाऱ्या बऱ्याच फॉर्म्युलांमध्ये बीटा जास्त म्हणजे लक्ष जास्त असंच धरलेलं असतं. तर तुमच्या स्टारचा ८३ हा त्याच्या मेंदूचा होता की आवळलेल्या दातांचा? त्या आकड्यावरून हे सांगता येणार नाही. लॅबमध्ये हीच मोजणी करताना डोकंभर इलेक्ट्रोड लावतात, तारांखाली जेल भरतात, डोळ्यांच्या हालचाली वेगळ्या टिपतात आणि खराब झालेला डेटा फेकून देतात, तरी वाद होतात. शिवाय तुमच्यातल्या प्रत्येकाची कवटी वेगळी, केस वेगळे, घाम वेगळा, सेन्सर बसला कसा तेही वेगळं. एक मॅच तू खेळलास, दुसरी त्याने, समोरच्या टीम वेगळ्या, आणि तुझ्या मागे चार जण उभे. ह्याला टेस्ट म्हणायचं असेल तर एवढंच कर, हेडबँड अजून मित्राकडे असेल तर एकदा मागून आण आणि गेम बंद ठेवून भिंतीकडे बघत बस, आधी नुसतं, मग दात आवळून, मग पापण्या मिचकावत. आकडा कसा उड्या मारतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मी हजार शब्द लिहिण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट कारण आणि परिणामाची, इथे भलेभले घसरतात. १९९८ मध्ये लंडनमध्ये आठ पुरुषांना रणगाड्याचा गेम खेळायला देऊन स्कॅन काढले, खेळताना मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं असं दिसलं, आणि जो जितका चांगला खेळला तितकं ते जास्त होतं. आता डोपामिन जास्त सुटलं म्हणून तो चांगला खेळला, की लेव्हल पार होत गेल्या म्हणून डोपामिन सुटलं? नुसत्या त्या आकड्यावरून हे कळत नाही. तुझ्या बाबतीतही तसंच आहे, समजा ४१ मध्ये खरंच काहीतरी तथ्य असलं, तरी तू त्या दिवशी चिंतेत होतास, सगळे बघत होते, लक्ष फाटलेलं होतं, एवढंच त्यातून निघेल. तुझी कमाल मर्यादा त्यातून निघत नाही.

'जन्मतःच मेंदू तसा असेल तर?' हा तुझा खरा धाक आहे असं मला पत्रातून जाणवलं, म्हणून त्याचंही सांगते, गोड बोलून टाळणार नाही. फरक असतात. २०१० मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात गेमिंगची फारशी सवय नसलेल्या लोकांना स्पेस फोर्ट्रेस नावाचा गेम शिकवला, आणि शिकवण्याआधीच मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम नावाच्या भागाचा आकार मोजून ठेवला होता. कोण किती शिकलं ह्यातल्या फरकाचा जवळपास पाव भाग त्या आकाराशी जुळला. पाव भाग काही थोडाथोडका नाही, मान्य. पण उरलेला पाऊण भाग दुसरीकडेच आहे ना, आणि स्ट्रायटमचा आकार एमआरआयमध्ये दिसतो, कपाळावरच्या पट्टीत नाही. त्याच अभ्यासात अर्ध्या लोकांना दरवेळी फक्त टोटल स्कोअर वाढवा सांगितलं होतं आणि अर्ध्यांना थोड्या थोड्या वेळाने लक्ष बदलायला लावलं होतं, आता फक्त जहाज नीट हाकण्यावर, आता फक्त सुरुंगांवर. हा लक्ष फिरवत शिकायचा प्रकार त्या गेममध्ये बऱ्याच अभ्यासांत जास्त फायद्याचा ठरलाय. खाली तुला जे करायला सांगणार आहे ते ह्यातूनच आलंय.

वयाचं. ती २४ ची गोष्ट खरी आहे आणि अर्धवट सांगितली जाते. २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट २ ह्या कॉम्प्युटर गेमच्या ३,३०५ प्लेयर्सचे गेम तपासले, वय १६ ते ४४, आणि स्क्रीनवर नवं काही दिसल्यापासून पहिली कृती करेपर्यंतचा वेळ २४ च्या सुमारापासून हळूहळू वाढत जातो असं दिसलं. हळूहळू म्हणजे एकेका वर्षाला मिलिसेकंदांत. आणि मोठ्या वयाचे प्लेयर सोप्या स्ट्रॅटेजी वापरून, इंटरफेस हुशारीने वापरून ते भरून काढत होते, तेही त्याच अभ्यासात आहे. तू २५ चा आहेस रे! तुझा स्क्रीन ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम) दाखवणारा, असेल तर एक फ्रेम जवळपास १७ मिलिसेकंदांची असते, १४४ हर्ट्झला ती ७ च्या आत येते. मेंदूवर शंका घेण्याआधी स्क्रीन कितीवर सेट आहे, पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, किती उड्या मारतंय, हे तपासलंस का? कित्येक जण भारी स्क्रीन घेतात आणि सेटिंग ६० वरच राहतं.

रँकचं पण जरा समजून घे. असल्या रँकिंगची मुळं बुद्धिबळातल्या इलो पद्धतीत आहेत, तू जिंकत गेलास की सिस्टिम तुला तुझ्याहून तगडे लोक देते, साधारण निम्म्या मॅचेस हराव्यात इथपर्यंत. आणि वर्षभरात बाकीचे सगळेही शिकत असतात. त्यामुळे तोच रँक टिकवणारा माणूस वर्षापूर्वीच्या स्वतःपेक्षा चांगला खेळत असू शकतो, फक्त रँकच्या चिन्हात ते दिसत नाही. वर्षभरापूर्वीचा एखादा रिप्ले किंवा क्लिप पडलेली असेल तर काढून बघ.

तुझ्या तीन पर्यायांचं सांगते. हेडबँड घेऊ नकोस, वर सांगितलंच. ब्रेन ट्रेनिंगच्या ॲपवर माणूस त्या ॲपमधल्या खेळांमध्ये तरबेज होतो, तिथून दुसरीकडे फार काही उतरतं असा भक्कम पुरावा नाही, २०१६ मध्ये लुमॉसिटी नावाचं असंच ॲप बनवणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २० लाख डॉलर भरायला लावले होते. आणि तू विचारलं नाहीस तरी सांगून ठेवते, कारण हा प्रश्न इतर वाचकांकडूनही येतो, डोक्याला बारीक करंट देणारी उपकरणं 'गेमिंगसाठी' म्हणून मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस, २०१६ मध्ये ह्याच विषयात काम करणाऱ्या संशोधकांनी घरी स्वतःवर असे प्रयोग करणाऱ्यांसाठी सावधगिरीचं खुलं पत्र काढलं होतं, एका क्षमतेत फायदा आणि दुसरीत तोटा असं होऊ शकतं, आणि कातडी भाजते ते वेगळंच.

तास डबल करणं ह्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ते फुकट आहे आणि मेहनतीसारखं दिसतं. ॲक्सॉन नावाच्या एका साध्या ऑनलाइन गेमच्या साडेआठ लाखांहून जास्त प्लेयर्सचा डेटा २०१४ मध्ये तपासला होता, त्यात सुरुवातीचे तेवढेच डाव ज्यांनी मधे अंतर ठेवून खेळले त्यांचे पुढचे स्कोअर सलग खेळलेल्यांपेक्षा चांगले होते. शिकलेलं मुरायला मधला वेळ लागतो, झोप तर लागतेच. तू लिहिलंयस रात्री दोनपर्यंत खेळतोस आणि हरलास की 'अजून एक' करतोस. टिल्ट झाल्यावर, म्हणजे हरून डोकं फिरल्यावर, खेळलेल्या मॅचेसमध्ये सराव कशाचा होतो माहितीये? घाईत पीक करण्याचा, म्हणजे कोपऱ्याआडून डोकावण्याचा. तो पक्का होत जातो.

तर ट्रायआऊटपर्यंत माझ्या मते असं कर. रोज तासभर कमी खेळ आणि त्या वाचलेल्या तासातला अर्धा तास स्वतःच्या मरण्याचे रिप्ले बघ, बाकी काही नाही, फक्त मेलास त्याच्या आधीचे पाच सेकंद. पॉज कर आणि स्वतःला विचार, शत्रू मला दिसला होता का? दिसला तेव्हा माझा क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, कुठे होता? आणि मुळात मी त्या जागी का होतो? एका वहीत नुसती खूण कर, 'दिसलाच नाही', 'दिसला पण एम (नेम) लांब होता', 'जागाच चुकली'. बहुतेक लोकांना वाटतं आपण रिॲक्शनमध्ये हरतो, आणि रिप्ले थांबवला की दिसतं क्रॉसहेअर जमिनीकडे बघतोय, कोपऱ्यापासून हातभर लांब, आणि शत्रू डोक्याच्या उंचीवर बाहेर येतोय. नुसतं काहीतरी दिसलं की बटण दाबायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, त्यावर माउस एवढा लांब ओढायचा म्हणजे अजून वेळ. क्रॉसहेअर आधीच तिथे असेल तर ओढायचंच उरत नाही. तुझ्या टीममधला तो स्टार बहुधा इथेच जिंकतो, त्याचे रिप्लेही मागून बघ, एम बघू नकोस, शत्रू यायच्या आधी तो काय करतो ते बघ.

वहीत जी खूण सगळ्यात जास्त झाली ती एक गोष्ट घे आणि एका दिवसाच्या मॅचेस फक्त तिच्यासाठी खेळ, हरलास तरी चालेल. दुसऱ्या दिवशी दुसरी, कधी फक्त मिनिमॅप (कोपऱ्यातला छोटा नकाशा), कधी फक्त टीमला वेळेवर कॉल देणं. सुरुवातीला खेळ बिघडेल, कारण जे आपोआप चाललं होतं ते तू मुद्दाम लक्षात आणतोयस, घाबरू नकोस. पण हे सरावात. ट्रायआऊटच्या दिवशी नवीन काहीही दुरुस्त करायला जाऊ नकोस, त्या दिवशी हातांना त्यांचं काम करू दे, आणि सलग दोन मॅच हरलास की उठून दहा मिनिटं स्क्रीनपासून लांब जा. आदल्या रात्री झोप, रात्री दोनची सवय आत्तापासूनच मोडायला घे. मनगट दुखत असेल तर लपवू नकोस, डॉक्टरला दाखव.

(हे वाचणारे जे गेमर नाहीत, टायपिंगची स्पर्धा, बुद्धिबळ, तबला, काहीही शिकताना अडकलेत, त्यांनी रिप्लेच्या जागी स्वतःचं रेकॉर्डिंग घ्यावं, बाकी सगळं तेच.)

सोडून देण्याबद्दल. सोडू शकतोस, त्यात कमीपणा नाही. खेळून मजा येत नसेल, काम, अभ्यास, झोप, माणसं बाजूला पडत असतील आणि थांबायचं ठरवूनही थांबता येत नसेल तर तो वेगळा विषय आहे, तेव्हा रँकचा विचार बाजूला ठेवून कुणा समुपदेशकाशी बोल. पण मजा अजून येत असेल, आणि पत्रावरून मला वाटतं येते, तर एका मॅचच्या एका आकड्यावरून सोडू नकोस.

राहिला तुमच्या टीमचा कॅप्टन, जागा कोणाला द्यायची ते ठरवणारा. चेष्टा तुला लागलीये हे त्याला माहीत असेलच असं नाही, म्हणून ग्रुपमध्ये नको, एकट्याला गाठून सरळ सांग, "हेडबँडच्या आकड्यावर जागा ठरणार असेल तर मला आत्ताच सांग. नाहीतर ट्रायआऊटमध्ये माझे कॉल, माझे राऊंड आणि रिप्ले बघून ठरव, आणि माझ्यात काय कमी वाटतं ते एक-दोन गोष्टींत सांग, मी त्यावर काम करतो." त्याने नेमकं काही सांगितलं तर वहीत सगळ्यात वर लिही. तो नुसताच हसला किंवा परत ४१ वर आला तर आपल्याला सुधारायला मदत करणारी टीम ही आहे का, हे तुलाही तपासायला लागेल, आणि पाच जणांच्या टीम शोधणारे प्लेयर कमी नाहीत.